टक्के किती आणि दुखते किती?

'किती टक्के?' हा प्रश्न आपल्याकडे विद्यार्थ्याला सहसा दहावी-बारावीच्या निकालानंतर विचारला जातो. अस्थिव्यंग असलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो वर्षभर विचारला जातो. शिष्यवृत्तीच्या अर्जात, परीक्षेतील सवलतीसाठी, प्रवासाच्या पाससाठी, पुढे नोकरीसाठी. उत्तर चाळीस किंवा त्याहून अधिक असेल तर पुष्कळशी दारे उघडतात. एकोणचाळीस असेल तर त्यांतली बरीचशी बंदच राहतात.

या लेखात आम्हाला या आकड्यावर टीका करायची आहे. आकडाच नको, असे आमचे म्हणणे नाही. मोजमापावाचून विज्ञान नाही आणि मोजमापावाचून हक्कांचे वाटपही नीट होत नाही. पण जे मोजायला निघालो तेच मोजले गेले का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने कोणत्याही आकड्याला विचारलाच पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या टक्केवारीत अवयव मोजला जातो, दिवस मोजला जात नाही. आणि जी दिवस खाऊन टाकते ती दीर्घकाळची वेदना या हिशेबात जेमतेम कोपऱ्यात उभी असते.

एका दिवसाचा हिशेब

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. बदलापूर पूर्वेला राहणारी सतरा वर्षांची एक मुलगी आहे. तान्ही असताना तिच्या उजव्या खुब्याच्या सांध्यात पू झाला होता. जीव वाचला, पण सांधा आखडला आणि पाय आखूड राहिला. ती काठी घेऊन चालते, बारावीला विज्ञान शाखेत आहे आणि तिचे महाविद्यालय उल्हासनगरला आहे. मधे फक्त अंबरनाथ स्थानक, म्हणजे गाडीतला प्रवास पाव तासाचा.

पण पाव तास हा गाडीचा झाला. तिचा दिवस सुरू होतो तो पुलाच्या पायऱ्यांवर. सरकता जिना चालू असला तर एक हिशेब, बंद असला तर दुसरा. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो. तो फलाटावर जिथे थांबतो तिथपर्यंत चालत जायचे, आणि सकाळच्या गर्दीत तिथेही जागा मिळेलच असे नाही. फलाट आणि डबा यांच्यातले अंतर दुखऱ्या पायाने ओलांडायचे की धडक्या, हे एका क्षणात ठरवायचे. उल्हासनगरला उतरल्यावर पुन्हा पूल, मग शेअर रिक्षा. तिच्यात आखडलेला खुबा दुमडून बसायचे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक असले तर दोन तास उभे राहायचे.

दुपारी घरी परतल्यावर ती आडवी होते. खुबा दुखतो, कंबर दुखते आणि आतापर्यंत सगळा भार उचललेला धडका गुडघाही दुखतो. संध्याकाळचा अभ्यास होत नाही. रात्री कूस बदलताना जाग येते. अशा दोन दिवसांनंतर तिसऱ्या दिवशी ती महाविद्यालयात जात नाही. हजेरीपटावर 'गैरहजर' एवढेच लागते. ती घरी काही बोलत नाही, कारण बोलले तर 'झेपत नसेल तर बाहेरून बस परीक्षेला' असे ऐकावे लागेल. शिक्षकांना सांगत नाही, कारण सांगितले तर ते सहानुभूतीने पाहतील, आणि ती तिला नको आहे.

अशी मुले किती असतील? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत नऊ लाख तेहतीस हजारांवर होती. त्याच जनगणनेत देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते आणि त्यांतील सुमारे एक पंचमांश व्यक्तींना चलनवलनाचे अपंगत्व होते. हेच प्रमाण या शहरांना लावले तर सर्व वयांची मिळून चार हजारांच्या आसपास माणसे होतात. हा केवळ अंदाज आहे. शिवाय २०११ नंतर बदलापूर किती वाढले आहे, हे लोकलच्या प्रवाशांना सांगायला नको. आपल्या शाळेत अशी एक-दोन मुले असणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आकडा कसा तयार होतो

आता या मुलीच्या प्रमाणपत्रावरचा आकडा कसा येतो ते पाहू. अपंगत्वाचे मूल्यमापन कसे करावे याच्या सूचना केंद्र सरकारने २००१ साली प्रसिद्ध केल्या. पुढे २०१८ आणि २०२४ मध्ये त्या सुधारून निघाल्या, पण अवयवागणिक गुण देऊन ते एकत्र करण्याचा मूळ ढाचा तोच आहे.

२००१ च्या सूचनांत पायाचे दोन भाग केले आहेत. एक हालचालीचा : सांधा किती अंश वळतो, स्नायूंत जोर किती. दुसरा स्थैर्याचा. त्यात नऊ गोष्टी तपासतात : सपाट जमिनीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. जी गोष्ट जमत नाही तिचे दहा गुण. हातासाठीही अशीच यादी आहे आणि तिच्यात हाताने जेवणे, वेणी घालणे, नाडी बांधणे, लिहिणे अशा कामांना प्रत्येकी नऊ गुण आहेत. परदेशी तक्ते जसेच्या तसे न उचलता मांडी, उकिडवे आणि नाडी यांची आठवण ज्यांनी ठेवली त्यांचे कौतुकच केले पाहिजे. आपल्या टीकेने ही जमेची बाजू झाकू नये.

दोन भागांचे गुण मिळाले की ते सरळ बेरजेने मिळवत नाहीत. मोठा आकडा 'अ' आणि लहान 'ब' मानून अ + ब × (९० − अ) ÷ ९० असे सूत्र वापरतात. आपल्या मुलीला हालचालीचे ३० गुण मिळाले असे समजू. उकिडवे बसणे, मांडी आणि गुडघे टेकणे जमत नाही, म्हणून स्थैर्याचे ३०. सूत्रात घातले तर ३० + ३० × ६० ÷ ९०, म्हणजे ५०. हे सूत्र फळ्यावर सोडवून पाहण्यासारखे आहे. अ आणि ब यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते, आणि दोन्ही आकडे कितीही मोठे असले तरी उत्तर ९० च्या पलीकडे जात नाही. संभाव्यतेचा धडा शिकवणाऱ्यांना त्यात ओळखीचा चेहरा दिसेल.

मग वेदना कुठे आहे? ती 'जादा गुणां'त आहे. कामात थोडी अडचण आणणारी वेदना ३ गुण, मध्यम ६, फार मोठी अडचण आणणारी ९. पण विकृती, बधिरता वगैरे सर्व धरून हे जादा गुण दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आखूड पायाचा हिशेब तेवढा वेगळा. म्हणजे मांडी घालता येत नाही याचे दहा गुण, आणि रोजचा दिवस मोडून टाकणाऱ्या वेदनेचे फार तर नऊ.

आमची खरी हरकत या नवाला नाही. नवाचे पंधरा केले म्हणून प्रश्न सुटणार नाही. हरकत आहे ती तपासणीच्या रीतीला. डॉक्टरांच्या खोलीत 'जिना चढता येतो का?' याचे उत्तर 'येतो' असे मिळते, आणि ते खरेही असते. किती वेळा चढता येतो, चढल्यावर काय होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढता येतो का, हे विचारायला रकानाच नाही. एकदा करता येणे आणि रोज करता येणे या दोन वेगळ्या राशी आहेत. तारेला एकदा वजन टांगले आणि ती तुटली नाही, एवढ्यावरून वारंवार ताण पडल्यावर ती टिकेल असे अभियंता म्हणत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र आपण ते सहज म्हणून टाकतो.

गंमत अशी की, २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याची व्याख्या याहून पुष्कळ शहाणी आहे. शरीरातील दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या मेळातून समाजातील सहभागात अडचण येते, असे ती व्याख्या म्हणते. म्हणजे पूल आणि फलाट हेही अपंगत्वाचे घटक झाले. मोजणीच्या तक्त्यात मात्र पूलही नाही आणि फलाटही नाही. कायदा एका गोष्टीची व्याख्या करतो आणि तक्ता दुसरीच गोष्ट मोजतो.

घंटेचे जुने चित्र

हे असे का झाले असावे? आमच्या मते वेदनेविषयीचे एक जुने चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत देकार्त यांनी ते मांडले. पायाजवळ विस्तव आला की एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. 'वेदना ही धोक्याची घंटा आहे' हे वाक्य आपणही वर्गात म्हणतो. चटका लागला, ठेच लागली अशा प्रसंगी ते बरोबरही आहे. पण हे चित्र पूर्ण मानले की त्यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात : जेवढी इजा तेवढीच वेदना, आणि इजा जुनी झाली की वेदनाही संपली. आपली मुलगी तान्ही असताना झालेला आजार केव्हाच बरा झाला, मग आता दुखायचे कारण काय, हा प्रश्न या चित्रातून येतो.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या चित्राला मोठा धक्का दिला. शरीराकडून येणारे संदेश मेरुरज्जूत जणू एका दारातून आत जातात. हे दार इतर संदेशांमुळे आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांमुळे कमीअधिक उघडते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याच्या तपशिलात पुढे बदल झाले, पण मेंदू हा नुसता घंटा ऐकणारा नाही ही गोष्ट टिकली. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो आणि बरे वाटते, यात या दाराचा थोडा अनुभव मिळतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजेनंतर मेरुरज्जूतील चेतापेशी स्वतःच अधिक संवेदनशील होतात. मग साधा स्पर्श किंवा नेहमीची हालचालही दुखू लागते. घंटा वाजवणारा निघून गेला तरी घंटा हलक्या वाऱ्याने वाजत राहावी, तसे हे.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे नसलेल्या अवयवातली वेदना. मध्य रेल्वेच्या या मार्गावर ज्यांनी अपघातात पाय गमावला आहे, अशा माणसाला तुटलेल्या पायाची बोटे मुरगळल्यासारखी दुखतात असे सांगताना कुणी ऐकले असेल. ऐकणाऱ्याला तो भ्रम वाटतो. पण पायाचा नकाशा मेंदूत शिल्लक असतो आणि वेदना खरीच असते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाच्या पेटीत चांगल्या हाताचे प्रतिबिंब दाखवून काही रुग्णांची अशी वेदना कमी होते हे दाखवले, तेव्हा हे जगभर गाजले.

आता काही मुद्दे सरळ होतात. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना ही दीर्घकालीन वेदना मानली जाते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतःचे स्थान मिळाले आणि ही आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. वेदना हा व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असतो आणि 'मला दुखते' या सांगण्याचा आदर केला पाहिजे, हे त्या व्याख्येसोबतच्या टिपणात स्पष्ट केले आहे. सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असे नव्हे, हेही तेथे नोंदले आहे.

अपंग मुलांत अशी वेदना विरळ नाही. युरोपातील अनेक केंद्रांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना गेल्या आठवड्यात दुखले का असे विचारले, तेव्हा आठ ते बारा वर्षांच्या गटात दहापैकी सुमारे सहा जणांनी आणि तेरा ते सतरा वर्षांच्या गटात चारपैकी जवळजवळ तिघांनी 'हो' म्हटले. वाढत्या वयात अंग जड होते, सांधे झिजतात, अंतरे वाढतात. शाळेच्या प्रमाणपत्रावरचा आकडा मात्र तोच राहतो.

शून्य ते दहा

'मग वेदनाच मोजू,' असे कुणी म्हणेल. दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहा यांत किती दुखते? लहान मुलांसाठी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची पट्टी असते. या पट्ट्या उपयोगी आहेत. औषधाने फरक पडला का, हे त्यांवरून समजते. पण आपल्या प्रश्नाला त्याही पुरत नाहीत.

सहा म्हणणारी एक मुलगी महाविद्यालयात रोज जाते आणि सहाच म्हणणारी दुसरी अंथरुणातून उठत नाही, असे घडते. वेदनेची तीव्रता आणि कामातली अडचण यांचा संबंध आहे, पण एकीवरून दुसरी नेमकी काढता येत नाही. मधे झोप येते, मनाची उमेद येते आणि 'हललो तर आणखी बिघडेल' ही भीती येते. या भीतीमुळे माणूस हालचाल टाळतो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि मग थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखते. आमच्या मते यांच्याइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे भोवतालची व्यवस्था.

बाबा आमटे यांचे उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना कित्येक वर्षे बसता येत नव्हते. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तरीही १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेत ते होते, कारण आडवे पडून प्रवास करता येईल अशी गाडीची सोय होती. आपण हे उदाहरण जिद्दीचे म्हणून सांगतो. ते जिद्दीचे आहेच, पण तितकेच सोयीचेही आहे. ती गाडी नसती तर तीच जिद्द घेऊन त्यांना घरी थांबावे लागले असते. अपंग विद्यार्थ्यांना आपण नेहमी गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगतो आणि गाडीचा भाग गाळतो.

कामकाज मोजणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत. लिन वॉकर आणि जॉन ग्रीन यांनी १९९१ साली मुलांसाठी केलेल्या प्रश्नावलीत पंधरा गोष्टी आहेत. जिना चढणे, दिवसभर शाळेत राहणे, वाहनातून प्रवास, झोप अशा कामांत किती त्रास झाला, याचे प्रत्येकी शून्य ते चार गुण. हा मार्ग योग्य दिशेचा आहे, पण तोही डोळे मिटून घेऊ नये. धावण्याविषयीचा प्रश्न खुबा आखडलेल्या मुलीला विचारला तर ती पूर्ण चार गुण देईल. पण ते वेदनेमुळे की पायाच्या ठेवणीमुळे? धडधाकट शरीर गृहीत धरून केलेली पट्टी अपंग मुलाला लावली की वेदना आणि अपंगत्व एकमेकांत मिसळून जातात. म्हणून प्रश्न असा हवा : जे तू एरवी करू शकतेस, त्यातले काय आज दुखण्यामुळे राहिले?

वाढीव वेळेचा जाच

मोजमाप चुकले की उपायही चुकतो. परीक्षेतील सवलत हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पात्र विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटे जादा देण्याची पद्धत आपल्याला परिचित आहे. ज्याचा हात सावकाश चालतो त्याला ती वरदान आहे. पण आपल्या मुलीचा हात ठीक आहे. तिला त्रास होतो तो बसण्याचा. तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला, म्हणजे कठीण बाकावर आणखी एक तास बसणे आले. तिला हवी आहेत मधे उठून चार पावले टाकायला पाच मिनिटे, योग्य उंचीची खुर्ची, तळमजल्यावरची खोली आणि घराजवळचे केंद्र. टक्केवारीवरून तिला जे मिळते ते तिला नको आहे. जे हवे आहे ते टक्केवारी सांगू शकत नाही.

न्यायालयांना हे दिसू लागले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग' या खटल्यात लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा प्रश्न होता. लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या आतल्यांना नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. केवळ टक्केवारी पाहून वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद करू नका, हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल का ते तपासा, असे त्यात सांगितले. त्या विद्यार्थ्याचे अपंगत्व वाणीचे होते, पण तत्त्व आपल्याच प्रश्नाचे आहे.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप आहे. सांध्याचे अंश कोनमापकाने मोजता येतात. वेदना कोण पाहणार? उद्या प्रत्येक जण 'दुखते' म्हणेल. सवलतींसाठी खोटी प्रमाणपत्रे निघतात हे काही गुपित नाही.

आमचे उत्तर असे. निधी, आरक्षण, निवृत्तिवेतन अशा मर्यादित गोष्टींच्या वाटपाला एक कठोर आकडा लागेल, हे आम्हाला मान्य आहे. पण खुर्ची बदलणे, उभे राहू देणे, वर्ग तळमजल्यावर आणणे या मर्यादित गोष्टी नाहीत. एका मुलीला खुर्ची दिली म्हणून दुसऱ्या कुणाचा हक्क जात नाही. तिथे प्रमाणपत्र मागण्याचे कारण काय? समजा एखाद्याने खोटे सांगून पाच मिनिटे उभे राहण्याची परवानगी मिळवली, तर आपले किती नुकसान झाले? आणि खरे सांगणाऱ्या मुलीवर आपण विश्वास ठेवला नाही, तर तिचे किती? दोन चुकांची किंमत सारखी नसते. कोणती चूक अधिक महाग, हे पाहून मगच कसोटी किती कडक ठेवायची ते ठरते.

शाळेत काय करता येईल

वेदनेचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. नवे किंवा वाढते दुखणे, सूज, ताप, नव्याने आलेली बधिरता असेल तर डॉक्टरकडेच पाठवले पाहिजे. पण दिवस कसा जातो, हे शिक्षकाइतके डॉक्टरलाही दिसत नाही. म्हणून तीन प्रश्न एकांतात, सहज बोलताना विचारावेत : केव्हा जास्त दुखते? त्यामुळे काय राहून जाते? आज जे केलेस त्याची किंमत उद्या द्यावी लागते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नवे असेल, कारण तो तिला आजवर कुणी विचारलेला नसतो.

दुसरे, आठवडाभराची एक साधी नोंद तिला स्वतःच्या वहीत ठेवू द्यावी : झोप, प्रवास, जिने, बसण्याचे तास, राहून गेलेले काम. दोन-तीन आठवड्यांत त्यातून आकृतिबंध दिसू लागतो. एखादे वेळी असे लक्षात येते की, सगळे बिनसते ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी, आणि उपाय म्हणजे प्रयोगशाळेतले एक उंच स्टूल. तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवायलाही ही वही 'खूप दुखते' या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. मोजमापाचा धडा म्हणून सगळ्या वर्गाने आपापल्या थकव्याची अशी नोंद ठेवायला हरकत नाही, पण त्या एकीला नमुना म्हणून वर्गापुढे उभे करू नये.

तिसरे, विश्रांती म्हणजे सगळे बंद, असे समजू नये. मुलांच्या दीर्घकालीन वेदनेविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत औषधांबरोबर शारीरिक उपचार आणि मानसशास्त्रीय उपचार यांनाही स्थान आहे. खेळाच्या तासाला तिला गुण लिहायला बसवणे हा दयाळूपणा नव्हे. एकाच दिवशी सगळे उरकून दोन दिवस पडून राहण्यापेक्षा रोज थोडे, ठरवून, मधे थांबत केलेले काम अधिक टिकते. हे वेळापत्रकात बसवणे शाळेच्या हातात आहे.

आणि चौथे, 'किती टक्के?' हा प्रश्न अर्जापुरता ठेवावा. अर्ज भरून झाला की तो कागद कपाटात जाऊ द्या. ती मुलगी गुरुवारी आली नाही, तर शुक्रवारी हजेरी घेताना तिला वेगळाच प्रश्न विचारा : 'काल पुलावरचा सरकता जिना बंद होता का गं?' कदाचित ती मान हलवून 'हो' म्हणेल. मग त्या जिन्याविषयी स्थानकावर तक्रार लिहायला वर्गातली दहा मुले पुढे येतील. वेदनेची मोजणी त्या दिवशी सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही.